मंगळाच्या वाटेवर मागे फिरायला जागा नाही: अडथळे कोणते आणि ते कसे पार होतील

प्रश्न असा आला आहे: "सर, मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रंकाळ्यावर बसलो असताना आमच्यात वाद झाला. एक मित्र म्हणतो, दहा वर्षांत माणूस मंगळावर उतरणार. दुसरा म्हणतो, किरणोत्सर्गामुळे ते कधीच जमणार नाही. अडथळे खरंच पार करता येण्यासारखे आहेत का? आणि इथं राहून आम्हाला या विषयात काही काम करता येईल का?"

पहिल्या मित्राचा हिशेब तारखेत चुकतो आणि दुसऱ्याने अडथळा चुकीचा धरला आहे. किरणोत्सर्गाचा त्रास आहेच, पण मोहीम अडवून धरणारा तो नव्हे. खरी अडचण अशी की एकदा मंगळाच्या वाटेला लागलं की मधून मागे फिरता येत नाही आणि मागून कुणाला सामानही पोचवता येत नाही. साधारण ९०० दिवस, बरोबर नेलं तेवढ्यावर आणि आधी पाठवून ठेवलं तेवढ्यावरच भागवायचं. बाकीचे बहुतेक अडथळे मुळात सुटण्यासारखे आहेत. त्यांना धार येते ती या एका गोष्टीमुळे, म्हणून आधी तीच समजून घेऊ.

पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळ ६८७ दिवसांत. कमी इंधनात जाता येईल अशी दोघांची मांडणी दर ७८० दिवसांनी, म्हणजे सुमारे २६ महिन्यांनी जुळते. तेव्हा निघालं तर ६ ते ९ महिन्यांत पोचता येतं. पोचल्यावर परतीची मांडणी जुळेपर्यंत तिथं सुमारे ५०० दिवस थांबावं लागतं. जाताना दोनशेच्या आसपास दिवस, तिथं पाचशे, येताना पुन्हा दोनशे, असे हे ९०० दिवस होतात. दुसरा एक मार्ग आहे. त्यात मंगळावर महिनाभरच थांबून निघायचं. पण त्याला इंधन कितीतरी जास्त लागतं, येताना किंवा जाताना शुक्राच्या कक्षेपर्यंत आत जावं लागतं आणि जवळजवळ सगळा काळ मोकळ्या अवकाशात काढावा लागतो. शरीराच्या दृष्टीने ती जागा सगळ्यांत वाईट. इंजिन किती ताकदीचं मिळतं यावर ही निवड बदलू शकते, पण आज हाताशी असलेल्या रासायनिक इंधनावर हिशेब मांडायचा तर लांब मुक्कामाचाच मार्ग बरा.

आता २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूर काही दिवस तुटलं. पेट्रोल, भाजीपाला, औषधं वाटेत अडकली. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असून नळाला पाणी नव्हतं. तरी बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं आणि काही दिवसांत रस्ता सुरू झाला. मंगळाच्या मोहिमेत हा रस्ता २६ महिने सुरू होत नाही. बोलायचं म्हटलं तरी संदेश एका बाजूने जायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. मध्ये सूर्य आडवा आला की सुमारे दोन आठवडे संपर्क जवळपास बंदच असतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाशी तुलना करून पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं जोडलेल्या सोयुझ एमएस-२२ या यानातून शीतक, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, गळून गेला. ते यान माणसांना परत आणायला भरवशाचं राहिलं नाही, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरं रिकामं सोयुझ वर पाठवलं. त्या यानातून आलेले फ्रँक रुबिओ त्यामुळे ३७१ दिवस वर राहिले. ४०० किलोमीटरवर हे करता आलं. मंगळावर हीच गळती झाली तर दुसरं यान पाठवण्याची गोष्टच काढता येत नाही.

म्हणून या कामात आम्ही पहिला कागद घेतो तो बिघाडाच्या हिशेबाचा. समजा एका पंपाच्या दोन बिघाडांमधला सरासरी काळ २०,००० तास आहे. कारखान्यात असा पंप चांगला म्हणतील. ९०० दिवस म्हणजे २१,६०० तास. म्हणजे सरासरी १.०८ बिघाड येणार हे धरून चालायचं. पूर्ण मोहिमेत एकही बिघाड न होण्याची शक्यता फक्त ३४ टक्के निघते. एक जादा पंप बरोबर असेल तर निभावण्याची शक्यता ७१ टक्के, दोन असतील तर ९०, तीन असतील तर साडेसत्त्याण्णव, चार असतील तर साडेनव्व्याण्णव. इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. पण यानात असे वेगवेगळे १०० भाग असतील आणि त्यातला कुठलाही एक संपला तरी काम थांबत असेल, तर प्रत्येकाचे चार चार जादा भाग नेऊनही सगळं निभावण्याची शक्यता ६० टक्क्यांवर येते. पाच नेले तर ९२ टक्के, सहा नेले तर जवळपास ९९. एकेक भाग १० किलोचा धरला तरी सहा गुणिले शंभर म्हणजे ६ टन नुसते सुटे भाग झाले. आणि हा हिशेब बिघाड योगायोगाने होतात असं धरून आहे. सगळे पंप एकाच चुकीच्या सीलमुळे खराब होणार असतील तर सहाच्या सहा एकामागून एक जातात. जादा भाग नेल्याचा तेव्हा काहीच उपयोग होत नाही.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही तुम्हाला कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरच्या कारखान्यांत रोज दिसतील. मोटर जळाली म्हणून तिथं कुणी अख्खी मोटर टाकून देत नाही. रिवाइंडिंग करतात, बेअरिंग बदलतात, शाफ्ट झिजला असेल तर वेल्डिंगने भरून लेथवर घेतात. अवकाश स्थानकावर बराच काळ याच्या उलट पद्धत राहिली. बिघडलेली अख्खी पेटी काढायची आणि नवी पेटी बसवायची. खालून सामान येत असताना ते सोयीचं होतं, कारण अंतराळवीराचा वेळ फार महाग. मंगळासाठी पेटी उघडून आतलं ४० ग्रॅमचं बेअरिंग बदलता आलं पाहिजे. त्यासाठी झाकण, स्क्रू, मोजमापाची जागा, हात जाईल एवढी फट हे सगळं आराखड्यातच धरावं लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे एकच भाग अनेक ठिकाणी वापरणं. वरच्या उदाहरणातल्या दहा जागी दहा वेगळे पंप असतील तर प्रत्येकाचे चार, असे ४० जादा पंप लागतात. दहाही जागी एकाच बनावटीचा पंप बसवला तर तेवढ्याच खात्रीला १७ पुरतात. पाण्याचा, शीतकाचा, मूत्र शुद्धीकरणाचा, प्रत्येक पंप आपापल्या कामाला थोडा कमी योग्य ठरेल, थोडी जादा वीज खाईल. ते चालवून घ्यावं. माझ्या मते मंगळमोहिमेतली ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, आणि तरी ती राहून जाते. कारण प्रत्येक यंत्रणा वेगळा गट बनवतो आणि जो तो आपला पंप सर्वोत्तम करायला बघतो.

बिघाड कसा येतो याचं एक खरं उदाहरण सांगतो, कारण ते कोल्हापूरच्या माणसाला लगेच कळेल. स्थानकावर मूत्र कमी दाबाखाली उकळून पाणी परत मिळवतात. आराखड्यात ८५ टक्के पाणी परत मिळेल असं धरलं होतं. २००९ मध्ये त्या ऊर्ध्वपातनाच्या यंत्रात कॅल्शियम सल्फेटचा थर साचून यंत्र तुंबलं. जमिनीवरच्या चाचण्यांत हे झालं नव्हतं. वजनरहित अवस्थेत माणसाच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं आणि लघवीतून बाहेर पडतं. त्यात मूत्र टिकवण्यासाठी गंधकाम्ल घालत होते, म्हणजे सल्फेट आपणच पुरवत होतो. दोन्ही एकत्र आले आणि थर बसला. काही काळ ७०-७५ टक्क्यांवरच समाधान मानावं लागलं. पुढे गंधकाम्लाऐवजी फॉस्फरिक आम्ल वापरायला लागल्यावर पुन्हा ८५ पर्यंत नेता आलं. उरलेल्या गाढ द्रावणातून पाणी काढणारं वेगळं यंत्र जोडल्यावर २०२३ मध्ये एकूण ९८ टक्के पाणी परत मिळाल्याचं जाहीर झालं.

साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना स्केल, म्हणजे क्षारांचा थर, बसतो ती हीच गोष्ट. फरक एवढाच की कारखान्यात गाळप थोडं थांबवून किंवा राखीव बॉडी (रस आटवायचं भांडं) लावून सफाई करता येते. या उदाहरणात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की हाडांचा प्रश्न डॉक्टरांचा आणि पंपाचा प्रश्न इंजिनिअरचा, अशी वाटणी मोहिमेत टिकत नाही. २०१० मध्ये त्याच स्थानकावरच्या शुद्ध पाण्यात सिलिकॉनचं एक संयुग आढळलं. सौंदर्यप्रसाधनं, वंगण, चिकटद्रव्यं यांतून हवेत गेलेले सिलोक्सेन पाण्यात उतरले होते. कागदावर कुणालाही हे आधी दिसलं नव्हतं. असे प्रश्न यंत्र खरोखर वर्षानुवर्षं चालवूनच कळतात.

वजनांचा अंदाज यावा म्हणून चार माणसांचा ९०० दिवसांचा शिधा मांडू. एका माणसाला दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे एकूण ३ टन. वेष्टनासकट अन्न साधारण १.८ किलो, म्हणजे ६.५ टन. पिण्याचं, रांधण्याचं आणि थोडं स्वच्छतेचं मिळून ३.५ किलो पाणी धरलं तर १२.६ टन. मात्र ९८ टक्के परत मिळत असेल तर जेमतेम २५० किलोची भर पुरते. पाण्याचा प्रश्न असा जवळजवळ सुटला आहे. अट एकच, यंत्र चालू राहिलं पाहिजे. ऑक्सिजनचं तेवढं बरं नाही. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची हायड्रोजनशी क्रिया करून पाणी मिळवतात, पण त्यात मिथेन तयार होतो आणि तो बाहेर सोडला की हायड्रोजनही जातो. त्यामुळे निम्म्याच्या आसपासच ऑक्सिजन परत येतो. अन्न तर सगळंच न्यावं लागतं, आणि ते तीन ते पाच वर्षं टिकवायचं म्हणजे क जीवनसत्त्व आणि बी-१ हळूहळू कमी होत जातात. थोडा पाला यानात उगवता येईल, पण पोट भरण्याएवढी शेती पहिल्या मोहिमेत धरू नये.

इथपर्यंतचं थोडक्यात: जीव जगवण्याची यंत्रं आपल्याकडे आहेत. ती ९०० दिवस, खालून सुटे भाग न येता, चार माणसांच्या हातून दुरुस्त होत चालतील याची खात्री अजून नाही.

यानंतरचा अडथळा उतरण्याचा, आणि त्यात नवं तंत्र लागतंच. मंगळावर हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे ०.६ टक्के आहे. यान तापून जळेल एवढी हवा आहे, पण थांबेल एवढी नाही. आजवर उतरवलेली सर्वांत जड गाडी म्हणजे पर्सिव्हिअरन्स, १,०२५ किलोची, १८ फेब्रुवारी २०२१ ची. साडेचार मीटर व्यासाचं उष्णतारोधक कवच, मग २१.५ मीटरचं पॅराशूट, मग इंजिनं, मग दोरांनी खाली सोडणं, असा तो क्रम होता. माणसांसाठी निदान २० टन एका वेळी उतरवावे लागतील. हेच पॅराशूट त्या प्रमाणात वाढवायचं तर क्षेत्रफळ २० पट, म्हणजे व्यास साडेचार पट, जवळपास ९६ मीटर होतो. ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगात, क्षणभरात, न फाटता एवढं कापड उघडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. यान मोठं केलं की वस्तुमान घनाच्या प्रमाणात वाढतं आणि हवेला अडणारं क्षेत्रफळ वर्गाच्या, त्यामुळे नुसतं मोठं करत जाऊन हे सुटत नाही.

उपाय दोन आहेत आणि बहुधा दोन्ही एकत्र लागतील. पहिला, फुगवता येणारं मोठं कवच. १० नोव्हेंबर २०२२ रोजी ६ मीटर व्यासाचं असं कवच पृथ्वीच्या वातावरणात उतरवून पाहिलं आणि ते टिकलं. दुसरा, यान अजून ध्वनीपेक्षा वेगात असतानाच समोर इंजिनं पेटवून वेग मारायचा. फाल्कन ९ या रॉकेटचे परतणारे टप्पे पृथ्वीच्या उंच, विरळ हवेत हेच करतात आणि तिथली स्थिती मंगळाच्या हवेशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यात बिघडतं ते शेवटच्या काही मीटरना. इंजिनांचा झोत जमीन खणतो, खडे उडवतो आणि ते खडे शेजारी आधी उतरवलेल्या सामानावर किंवा स्वतःच्याच इंजिनावर आदळतात. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरताना वाऱ्याचा एक सेन्सर खराब झाला, त्याचं संभाव्य कारण असेच खडे धरतात. म्हणून माणसांचं यान सामानापासून काही अंतर राखून, पण चालत जाता येईल एवढं जवळ उतरवायला हवं. पर्सिव्हिअरन्सला अपेक्षित जागा सुमारे ७.७ गुणिले ६.६ किलोमीटरच्या पट्ट्यातली होती, यावरून अजून किती नेम साधायचा आहे ते कळेल.

सॉफ्टवेअर आणि मोजमापाचं काम यात धातूएवढंच नाजूक. १९९९ मध्ये एक अमेरिकन यान बलाच्या दोन वेगळ्या एककांच्या गोंधळात गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्कियापारेली हे युरोपचं यान उतरताना फिरण्याचा वेग मोजणारा घटक काही क्षण कमाल मर्यादेवर अडकला. त्यामुळे संगणकाला आपण जमिनीच्या खाली आहोत असं वाटलं, त्याने पॅराशूट सोडलं आणि इंजिनं बंद केली. यान तेव्हा काही किलोमीटर उंचावर होतं.

उतरलं की परतायचं इंधन लागतं. चार माणसांना मंगळावरून कक्षेत उचलायला सुमारे ७ टन मिथेन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल असा अंदाज आहे. हा २५ टन ऑक्सिजन इथून नेणं परवडत नाही, कारण एक टन तिथं उतरवायला पृथ्वीच्या कक्षेत त्याच्या कितीतरी पट वजन चढवावं लागतं. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तो दाबून, ८०० अंशांच्या आसपास तापवलेल्या सिरॅमिकच्या पेशीतून वीज देऊन फोडला की ऑक्सिजन मिळतो. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या यंत्राने एप्रिल २०२१ ते ऑगस्ट २०२३ दरम्यान १६ वेळा हे करून दाखवलं. शुद्धता ९८ टक्के, कमाल वेग तासाला १२ ग्रॅम, एकूण उत्पादन १२२ ग्रॅम. एका माणसाला ते साडेतीन तास पुरेल.

आता तिथून २५ टनांपर्यंत जायचं. १०,००० तास, म्हणजे सुमारे १४ महिने सतत चालवलं तर तासाला अडीच किलो ऑक्सिजन लागतो, मॉक्सीच्या दोनशे पटींहून थोडा जास्त. मोठं यंत्र बांधणं हा यातला सोपा भाग. अवघड भाग असे: हवेचा दाब जेमतेम ६ मिलिबार असल्यामुळे कॉम्प्रेसरला दीडशे पटींच्या वर दाबायचं असतं आणि त्याच्या तोंडाशी सतत तीन मायक्रॉनच्या आसपासची धूळ येत राहते. फाउंड्रीत वाळूच्या धुळीने फिल्टरची काय गत होते ते शिरोलीत कुणालाही विचारा. इथं फिल्टर झटकायला माणूस नाही, कारण हे सगळं माणूस पोचण्याआधी व्हायचं आहे. सिरॅमिकच्या पेशी तापून थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत तडकण्याचा धोका वाढतो, म्हणून वीज जाऊन चालत नाही. तयार झालेला ऑक्सिजन उणे १८३ अंशांखाली द्रव करून वर्षभर उडू न देता राखायचा. या सगळ्याला २५ ते ३० किलोवॉट वीज अखंड लागेल.

सौरऊर्जेवर मी एवढा भार टाकणार नाही. मंगळावर ऊन आपल्या ४३ टक्के, आणि २०१८ च्या धुळीच्या वादळात ऑपॉर्च्युनिटी गाडी कायमची बंद पडली. इनसाइट यान पॅनेलवर धूळ साचून २०२२ मध्ये संपलं. लहान अणुभट्टी हा मार्ग आहे. २०१८ मध्ये नेवाडात अशा एका छोट्या भट्टीची २८ तासांची पूर्ण शक्तीची चाचणी यशस्वी झाली. १० किलोवॉटच्या चार भट्ट्या नेल्या तर एक बंद पडूनही काम चालतं. इथंही वरचाच जादा भागांचा हिशेब लागू होतो.

या टप्प्यावर एक नियम मी कधीच सोडणार नाही: परतीची टाकी तिथं भरल्याचं मोजमापाने कळल्याशिवाय माणसांनी पृथ्वी सोडायची नाही. एका खेपेला यंत्र आणि परतीचं यान जाईल, ते चौदा महिने टाकी भरेल आणि पुढच्या खेपेला माणसं निघतील. यंत्र मध्येच बंद पडलं तर २६ महिने वाया जातात, माणूस जात नाही.

आता किरणोत्सर्ग. क्युरिऑसिटीने प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक) आणि मंगळाच्या जमिनीवर सुमारे ०.६५ मोजला. १८०-१८० दिवसांचा प्रवास आणि ५०० दिवसांचा मुक्काम धरला तर ६५० अधिक ३२५, म्हणजे जवळपास १,००० मिलिसिव्हर्ट. आपल्याकडे किरणोत्सर्गात काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० ची मर्यादा आहे, आणि नासाची अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६००. म्हणजे मर्यादा ओलांडली जाते हे खरं. पण या मात्रेने कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी वाढते. उतरताना किंवा जीवरक्षक यंत्रणा बंद पडून मरण्याचा धोका पहिल्या मोहिमेत याहून जास्त असेल. मेंदू आणि हृदयावर जड कणांचा परिणाम किती होतो, यावर मर्यादेचा आकडा पुढे बदलू शकतो. सूर्याच्या वादळांपासून बचाव जमण्यासारखा आहे. पाणी आणि अन्नाचे साठे भोवती रचून लहान खोली केली की काही तास किंवा दिवस तिथं काढता येतात. ऑगस्ट १९७२ मधलं मोठं वादळ अपोलो १६ आणि १७ च्या मधल्या काळात येऊन गेलं, तेव्हा चंद्राच्या वाटेवर कुणी नव्हतं हे सुदैव. आकाशगंगेतून येणाऱ्या जड कणांना मात्र जाड ॲल्युमिनियम लावून फायदा होत नाही, कारण धातूत आदळून ते आणखी कण उडवतात. त्यांच्यासाठी हायड्रोजन जास्त असलेली द्रव्यं, म्हणजे पाणी आणि पॉलिथिन बरी. मंगळावर घरावर मीटर-दोन मीटर माती चढवली की मुक्कामाचा हिस्सा बराच घटतो.

हाडं आणि स्नायूंबद्दल बरीच माहिती आहे. उपाय न केल्यास भार पेलणारी हाडं महिन्याला १ ते १.५ टक्के झिजतात. रोज दोन-अडीच तासांचा व्यायाम, त्यात जोर देऊन करायचा, ही झीज खूप रोखतो. व्हॅलेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर ४३७ दिवस राहून परतले. एका बाजूचा प्रवास त्याच्या निम्म्याहून कमी आहे. डोळ्यांच्या मागे दाब वाढून नजर बदलते, तो प्रश्न अजून पूर्ण कळलेला नाही. मंगळाचं ३८ टक्के गुरुत्व शरीराला कितपत पुरतं हेही तिथं राहूनच कळेल. शस्त्रक्रियेची वेळ आली तर काय, हा प्रश्न कायम विचारला जातो. अंटार्क्टिकावर १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह या डॉक्टरला स्वतःचंच अपेंडिक्स काढावं लागलं होतं. म्हणून चौघांत एक डॉक्टर आणि दुसरा त्याला मदत करण्याएवढा तयार असावाच लागतो.

मनाबद्दल थोडंच सांगतो. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंद राहिले, ह्यूस्टनला २०२३-२४ मध्ये चौघं ३७८ दिवस. माणसं टिकतात. निवड चांगली हवी, काम खरं हवं, आणि निर्णयाचा अधिकार यानातच हवा, कारण २० मिनिटांनी येणाऱ्या उत्तराची वाट बघून आग विझवता येत नाही.

आता तुमच्या मित्राची दहा वर्षं. आधी पृथ्वीच्या कक्षेत एका यानातून दुसऱ्यात शेकडो टन अतिशीत इंधन भरणं सिद्ध व्हायला हवं. मग माणसांशिवाय २० टन उतरवण्याची एक खेप, टाकी भरण्याची एक खेप, आणि मग माणसं. एकदाही अपयश न येता तीन खेपा म्हणजे पहिल्या निघण्यापासून माणसं निघेपर्यंत सव्वाचार वर्षं. कुठल्याही पायरीवर एक अपयश आलं की २६ महिन्यांची भर. पहिल्याच प्रयत्नात २० टन नीट उतरतील असं कुणी गृहीत धरू नये. त्यामुळे दोन ते तीन दशकं हा माझा अंदाज. पैसा आणि चिकाटी मध्येच आटली तर त्याहूनही जास्त. बातम्यांत रॉकेट किती उंच आहे हे बघू नका. खालून सुटा भाग न घेता जीवरक्षक यंत्रणा सलग किती दिवस चालली, तो आकडा शोधा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. इथं राहून काम नक्की करता येईल. मंगळयानाचं ४४० न्यूटनचं इंजिन जवळजवळ ३०० दिवस बंद होतं. ते पुन्हा पेटेल की नाही हा सप्टेंबर २०१४ मधला मोठा प्रश्न होता. त्यासाठी इंधनाच्या नळ्यांचा दुसरा, समांतर मार्ग आधीच ठेवला होता आणि दोन दिवस आधी चार सेकंदांची चाचणी घेतली. दीर्घकाळ पडून राहिलेले व्हॉल्व्ह आणि सील हा त्यामुळे एक विषय झाला. प्रयोगाला फार यंत्रसामग्री लागत नाही: एकाच बनावटीचे वीस-तीस व्हॉल्व्ह, काही कोरड्या जागी, काही धुळीत, दर महिन्याला पाच काढून गळतीचं मोजमाप.

मी तुम्हाला स्केलचाच विषय सुचवेन, कारण तुमच्या आसपास त्याची प्रयोगशाळाच आहे. कॅल्शियम सल्फेट पाण्यात लिटरला जेमतेम २ ग्रॅम विरघळतं आणि ४० अंशांच्या पुढे तापमान वाढेल तसं कमी विरघळतं. म्हणून थर नेमका गरम पृष्ठभागावर बसतो. एक लहान तापवलेली नळी, व्हॅक्यूम पंप आणि ठरावीक द्रावण घ्या. ७०, ८० आणि ८५ टक्के पाणी काढताना उष्णतेचं वहन किती घटतं ते मोजा, आणि यंत्र तुंबण्याआधी मोटरच्या करंटवरून किंवा तापमानाच्या फरकावरून ते ओळखता येतं का बघा. मंगळाच्या यानाला हवं आहे ते हेच, बिघाडाची दोन आठवडे आधी सूचना. खऱ्या थराचे नमुने हवे असतील तर गाळप संपल्यावर, कारखान्यात दुरुस्तीचं काम निघतं तेव्हा जा. बदललेल्या नळ्यांचे तुकडे मागितले तर मिळतात. पहिल्या आणि शेवटच्या बॉडीतला थर वेगळा असतो, म्हणून कुठल्या बॉडीतली नळी, तिचं वरचं टोक की खालचं आणि शेवटची सफाई कधी झाली होती हे तिथंच पाकिटावर लिहून घ्या. नंतर नुसता थर पाहून ते सांगता येत नाही.